"मशीन लावा की, मॅडम" : आमची वाटचाल

सोलापुरात फिजिओथेरपी म्हटलं की अजूनही लकवा झालेले आजोबा नाहीतर गुडघे धरून बसलेली आजी डोळ्यापुढे येते. त्यामुळे सात रस्त्याजवळ गाळा घेऊन पाटीवर 'खेळाडूंसाठी' असं लिहिलं, तेव्हा नातेवाइकांनी काळजीच केली. इथला खेळाडू दुखापत झाली की आधी वस्तादांना दाखवतो, तेल चोळून घेतो, हळदीचा लेप लावतो आणि सूज उतरली की थेट मैदानात. आमच्यापर्यंत तो यायचा तो एकच पाय तीन-तीनदा मुरगळल्यावर.

आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं : "मॅडम, लई दुखायलंय, मशीन लावा की."

मी आणि माझी वहिनी, दोघी फिजिओ. धंद्याच्या हिशेबाने मशीन सोयीचंच. करंट लावून पेशंट आडवा केला की तेवढ्या वेळात दुसरा बघता येतो, रोजचं सीटिंग, रोजची फी. दुखणंही तेवढ्यापुरतं कमी होतं. पण मुरगळून ढिला पडलेला घोटा करंटने घट्ट होत नाही. एका पायावर तोल धरायला, मग उडी झेलायला त्याला शिकवावं लागतं आणि ते काम पेशंटलाच करावं लागतं. म्हणून कर्जातून मशिनं न घेता आम्ही खाटा दोनच ठेवल्या. बाकी गाळा मोकळा, खाली रबरी मॅट, भिंतीशी डंबेल्स आणि उड्यांसाठी सुताराकडून करून घेतलेली लाकडी खोकी. "व्यायामच करायचा तर पैसे कशाचे?" म्हणून बरेच जण फिरकले नाहीत. पहिल्या वर्षी भाडं बऱ्याचदा गुडघेदुखीच्या आज्यांनीच भरलं, हे सांगायला लाज नाही.

आम्हाला तारलं ते पोलीस भरतीच्या पोरांनी. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून 50 गुण. जाहिरात निघाली की सहा महिने घरी बसलेला पोरगा पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज पाच-सहा किलोमीटर पळायला लागतो. पंधरवड्यात नडगी धरून आमच्या दारात. अशा वेळी मी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली सरकवते. वीतभर पट्ट्यात दुखत असेल तर पळणं कमी करून, पोटरी मजबूत करून गाडी रुळावर येते. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या टिकलीवर बोट पडताच पोरगा पाय ओढून घेत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं बंद आणि आधी हाडांचे डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेत ती चीर पुष्कळदा दिसतही नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पळत राहणं पोरांना फार महागात पडलेलं पाहिलं आहे. असं एखाद्याला परत पाठवलं की त्या दिवसाचं उत्पन्न जातं, पण त्याच्यामागून त्याच्या खोलीवरची सगळी पोरं तपासून घ्यायला येतात.

सगळ्यात चिवट काम कबड्डीवाल्यांचं. एसीएल म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर धरणारा दोरीसारखा बंध. त्याचं ऑपरेशन झालं की चौथ्या महिन्यात गुडघा दुखत नाही आणि गडी म्हणतो, मी फिट. नॉर्वेतल्या 2016 च्या एका अभ्यासात दिसलं होतं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल, तितका दर महिन्यागणिक गुडघा पुन्हा जखमी होण्याचा धोका जवळपास निम्मा होत जातो. हे आकडे सांगून कोणी थांबत नाही. म्हणून आम्ही जमिनीवर टेप चिकटवली. एका पायावर लांब उडी मारायची. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या 90 टक्क्यांवर येईतो चढाईचं नाव काढायचं नाही. टेप बघून गडी गप्प होतो. यातले कितीतरी जण पॉवरलूमवर उभ्याने पाळी करतात, रोज सेंटरला येणं त्यांना परवडत नाही. मग घरची सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. टॉवेलवर टाच ठेवून फरशीवर पाय मागेपुढे सरकवायचा. व्हिडिओ पाठवला की आम्ही बघतो. त्याची फी वेगळी घेत नाही, वहिनीला हे अजून पटलेलं नाही.

दुखापत होऊच नये म्हणून पैसे द्यायला मात्र कोणी तयार नसतो. फुटबॉलसाठी फिफाने काढलेला 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा सराव आहे. जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यावरून सावकाश पुढे झुकायचं, तो नॉर्डिक व्यायामही त्यात आहे. त्याने मांडीमागचा स्नायू दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. पण प्रशिक्षक म्हणायचे, "वीस मिनिटं यातच गेली तर सराव कधी घ्यायचा?" शेवटी आम्ही मैदानाला मारायच्या चकरा काढून त्या जागी हे बसवलं. फी पोरागणिक न घेता अकादमीकडून महिन्याची ठोक रक्कम घेतो. ती वेळेवर येते असं नाही.

एक गिऱ्हाईक मात्र खास सोलापूरचं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच, जड काठ्या, पेलणाऱ्यांचा सराव आधीपासून सुरू होतो आणि डिसेंबरात कंबर, खांदे धरून माणसं येतात. त्यांना 'खेळाडू' म्हटलेलं आवडत नाही, ही सेवा आहे. आम्हीही म्हणत नाही. पोट-कमरेचे व्यायाम मात्र तेच देतो.

सध्या वहिनीने खो-खोच्या मुलींची बॅच घेतली आहे. वळणं-उड्यांच्या खेळांत मुलींचा एसीएल फाटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त, आणि उडीनंतर गुडघे आत न वळवता कसं उतरायचं, हे शिकवता येतं. जागा एका शाळेने फुकट दिली, खोकी आम्ही रिक्षातून नेतो. फी अर्धी ठेवली आहे. उन्हाळ्यात पारा 43 वर जातो, म्हणून तेव्हा बॅच सकाळी सहाला असते.