धोंडीराम

"धोंडीराम!" बँकेत कॅशियरनं हाक मारली आणि मागच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली.

काउंटरकडे निघालेले आजोबा थांबले. "हसा की. माझ्या आधीची तिघं गेली, म्हणून आईनं धोंडा ठेवला. यमाला वाटावं, हे कशाला न्यायचं!"

पोरं गप्प. मीही.

धोंडू, दगडू, केरू... मूल जगावं म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायची आपल्याकडे रीतच होती. महर्षी कर्वेही धोंडोच. जन्म १८५८चा, आणि १०४ वर्षं जगले! नाव भलतंच लाभलं म्हणायचं.

आता लसी आहेत, दवाखाने आहेत, बाळं जगतात. म्हणून तर अर्थ बघून विहान-रेयांश निवडायची चैन आपल्याला परवडते.

तुमच्या घरात होते का कुणी धोंडू-दगडू? कुणाच्या पाठीवरचे?