खेकडा, नोंद चौथी: घाट चढला, पण मागून ढकलून

मागच्या नोंदीत इंजिनाचा सांगाडा झाला होता आणि मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रविवारी घाट चढवणार. त्यानंतर सहा रविवार गेले.

नव्यांसाठी थोडक्यात. मी लेगोच्या विटांतून डब्ल्यूसीजी-१ करतोय. जीआयपी रेल्वेनं (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) १९२०च्या दशकाच्या शेवटी घाटासाठी आणलेलं विजेचं मालगाडीचं इंजिन. दोन्हीकडे लांब नाकं, मध्ये केबिन, चाकांना बाहेरून दांडे. चालताना दांड्यांचा विचित्र आवाज यायचा, म्हणून कर्मचारी त्याला ‘खेकडा’ म्हणत. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात त्यातलं एक उभं आहे. रंगावरून वाद नको, घरात मातकट तांबड्या विटा जास्त होत्या म्हणून तो रंग.

दांड्यांची भीती उगाच होती. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांपासून ९० अंशांवर लागतात, नाहीतर चाकं अडकतात. पण लेगोचा अ‍ॅक्सल मुळातच अधिक चिन्हाच्या आकाराचा. चाक काढायचं, पाव फिरवायचं, परत बसवायचं. खऱ्या वर्कशॉपात ज्याला माप आणि मशीन लागतं, ते इथे आपोआप जमतं. प्रत्येक बोगीतलं (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतलं) मधलं चाक मात्र बिनकडेचं ठेवा. लेगोच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड (विटेवरचे गोल खुंट, लेगोत मोजमाप त्यातच), म्हणजे जेमतेम ३२ सेंटिमीटर. तिन्ही चाकांना कडा असतील तर बोगी तिथे फसते. मला एका ऑनलाइन विक्रेत्यानं सगळी कडेचीच चाकं पाठवली, त्यात तीन आठवडे गेले.

आता घाट. कसारा ते इगतपुरी चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर उंची. मी हिशेब करायला बसलो आणि खुर्चीतच उडालो. सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टड, म्हणजे १२८ मिलिमीटर. प्लेटची (विटेच्या एक तृतीयांश जाडीची चपटी वीट) जाडी ३.२ मिलिमीटर. दर तुकड्याला एक प्लेट वाढवत गेलो की चढ होतो बरोबर ४०ला १! वळणाचा तुकडाही जवळपास तेवढाच लांब, त्यामुळे तिथेही तोच नियम. ‘कसारा’ सोफ्याच्या पायाशी. तिथून सहा सरळ, मग आठ वळणं (अर्धवर्तुळ, बाल्कनीच्या दाराशी), मग दहा सरळ. २४ तुकडे, २४ प्लेटा, म्हणजे आठ विटांची उंची. ‘इगतपुरी’ टीव्हीच्या कपाटाखालच्या फळीवर. जेमतेम तीन मीटरचा घाट, पण त्यानं घाम काढला.

पहिल्या दिवशी इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसलं. मोटर कमी पडतेय असं वाटलं, पण तसं नव्हतं. मोटर फिरतच होती, चाकांना पकड नव्हती. मग दोन गोष्टी केल्या. नाशिकमधल्या सातपूरच्या एका हायड्रॉलिकच्या दुकानातून पातळ ओ-रिंगा (रबरी कड्या) आणून टोकाच्या चाकांवर चढवल्या. आणि भांडी बाजारातून पितळेचे तुकडे आणून दोन्ही नाकांत प्रत्येकी २०० ग्रॅम भरले. दुकानदारानं विचारलं, “कशाला लागतंय?” मी म्हटलं, “इंजिनाला.” त्यानं पुढे काही विचारलं नाही.

दोन डबे सहज चढले. तीनही. पाचवा डबा जोडला की मात्र दर वेळी तेच: अर्धवर्तुळात गाडी जड व्हायची, इंजिन आणि पहिल्या डब्यामधलं चुंबक ‘टक्’ करून सुटायचं, इंजिन एकटंच इगतपुरीला आणि पाच डबे सोफ्याखाली. सगळ्या गाडीचा भार त्या एकाच पहिल्या चुंबकावर येतो, हे मला चौथ्यांदा डबे गोळा करताना कळलं.

आमच्या शेजारी एक काका आहेत, निवृत्त लोको पायलट. चहाला आले होते, पाचव्या वेळी त्यांनी स्वतःच डबे उचलले. “अरे, बँकर लाव ना मागे.” बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन.

“काका, ताकद आहे इंजिनात. नुसतं इंजिन भर्रकन चढतंय.”

“ताकदीचं कोण बोलतंय? पुढून किती ओढशील, कपलिंग तुटेल की. मागून ढकललं की पुढच्या कपलिंगवरचा ताण कमी.”

मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबायची, मागून धक्का बसायचा आणि बाबा म्हणायचे, “लागलं इंजिन.” चाळीस वर्षं मी समजत होतो की पुढचं इंजिन दमतं म्हणून मागे दुसरं लावतात.

तर बँकर. लेगोची एल मोटर, वेगळी बॅटरी पेटी, रिमोटचा हुकूम घेणारा वेगळा रिसीव्हर, वर नुसता डबा. दोन्ही रिसीव्हर एकाच चॅनलवर, पुढचं लाल आउटपुटवर, मागचं निळ्या, म्हणजे एकाच रिमोटच्या वेग बदलायच्या दोन चकत्या. पहिल्या फेरीत बँकरमध्ये नवे अल्कलाइन सेल, पुढच्या इंजिनात चार्जिंगचे. सहा अल्कलाइनचे ९ व्होल्ट, सहा चार्जिंगचे ७.२. मागचं इंजिन घाईत, पुढचं निवांत, मधला तिसरा डबा वळणावर सरळ बाहेर उडाला. आता दोन्हीकडे चार्जिंगचे सेल आणि मागची चकती पुढच्यापेक्षा एक पायरी कमी. पुढे पाच, मागे चार. यात सात डबे चढतात. चुंबक एकदाही सुटलेलं नाही.

घाटमाथ्यावर अजून एक खोड होती. चढ संपून सपाट लागतो तिथे बोगीचं पुढचं चाक हवेत लटकायचं. शेवटची प्लेट एकाऐवजी दोन तुकड्यांत मिळून चढवली, रूळ तेवढा वाकतो.

आणि अपघात. रिमोट इन्फ्रारेडचा, सकाळी बाल्कनीच्या दारातून ऊन थेट रुळावर. उन्हात रिसीव्हरला काही दिसत नाही, आणि तो शेवटचा हुकूम धरून बसतो. उतरणीवर चकती शून्यावर आणली तरी गाडी थांबेना. अर्धवर्तुळातून सुटून खेकडा थेट तुळशीच्या कुंडीवर. एक नाक फुटलं, पितळ बाहेर. बायको म्हणाली, “कुंडीला काही झालं नाही ना?”

नाक परत जोडलंय. घाटात सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग असते, चढावर नेऊन थांबवणारी, तशीच एक दाराशी करतोय. एक काटा (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा) आणि उलट्या चढाचे चार तुकडे लागतील. काटा अजून यायचाय. तोवर गाडी संध्याकाळी सहानंतरच.