टेफचा इंजेरा, गुरुवार ते रविवार

गुरुवार, रात्री

टेफ हे इथिओपियातलं बारीक धान्य, आणि इंजेरा ही त्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी. टेफचं पीठ अर्धा किलो, पाणी पाऊण लिटर, मागच्या वेळचं एर्शो 80 मिली. एर्शो म्हणजे आंबलेल्या पिठावर सुटणारं पिवळसर पाणी. इथिओपियात हेच पुढच्या पिठाचं विरजण म्हणून राखून ठेवतात. पीठ आंबवायचं भांडंही तिकडे फार घासत बसत नाहीत, कारण कडेला राहिलेलं पीठसुद्धा तेच काम करतं.

एर्शो मिळालंच नाही तर नुसत्या पाण्यातही पीठ आंबतं, मात्र चार-पाच दिवस धरायचे. सुरुवातीला उग्र, नकोसा वास येतो. आंबटपणा आणणारे जीवाणू जम बसवेपर्यंत दुसरेच, वायू सोडणारे जीवाणू माजलेले असतात. तेव्हा चव बघायची नाही. वास स्वच्छ आंबट झाला म्हणजे ते मागे हटले.

टेफचा दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये 2500 ते 3000 मावतात. त्याचा कोंडा काढायचा प्रश्नच येत नाही, अख्खा दाणा दळला जातो आणि पीठ पाणी सावकाश पितं. म्हणून आधी निम्म्या पाण्यात हाताने चांगलं मळायचं, गुठळी बोटाला लागेनाशी झाली की उरलेलं पाणी आणि एर्शो घालायचं. मीठ आत्ता नाही, त्याने आंबणं मंदावतं. पांढरा टेफ (नेच) महाग आणि दिसायला उजळ, लाल (केय) चवीला भरीव, दोन्हींचा मिसळ तो सेर्गेन्या. पहिल्यांदा करणाऱ्याने रंगाच्या मागे लागू नये, पीठ ताजं आहे ना एवढं बघावं.

भारतात टेफ मिळवणं सोपं नाही. ज्वारी किंवा नाचणी मिसळली तर ती नक्कल ठरत नाही. इथिओपियातच ज्वारीचा (माशिला) आणि नाचणीचा (दागुसा) इंजेरा होतो, आणि दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतलीच. फरक टिकण्यात आहे. टेफचा इंजेरा दोन-तीन दिवस मऊ राहतो, ज्वारीचा लवकर कडक होतो. निम्मं टेफ, निम्मी ज्वारी हे प्रमाण चालतं. निव्वळ ज्वारीचा केला तर त्याच दिवशी संपवायचा.

शुक्रवार

पीठ फुगलंय, वर बुडबुडे आहेत. ढवळायचं नाही. भांडं निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर आज ओट्यावर पसारा होणारच.

पाककृतींमध्ये ‘तीन दिवस’ लिहिलेलं असतं ते अदिस अबाबाच्या हवेचं गणित आहे. ते शहर सुमारे 2,350 मीटर उंचीवर, तिथे बारा महिने सौम्य गारवा. कोकणात मे महिन्यात तेच पीठ दीड दिवसात तयार होतं, पुण्यात डिसेंबरात तिसरा दिवस उजाडतो. दिवस मोजण्यापेक्षा पिठाकडे बघावं.

शनिवार

फुगलेलं पीठ आज खाली बसलं आणि वर दोन बोटं पाणी सुटलं. हीच खूण. हे पाणी अलगद ओतून काढायचं: थोडं बाटलीत भरून फ्रिजमध्ये, बाकीचं टाकून द्यायचं. सगळं पाणी परत पिठात ढवळलं तर इंजेरा तोंड आंबवतो. जास्त आंबून गेलेल्या इंजेराला तिकडे ‘कोम्ताता’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. पाण्यावर पातळ पांढरी साय आली असेल तर पाण्याबरोबर काढून टाकली की झालं. हिरवी, काळी किंवा गुलाबी लव दिसली तर मात्र भांड्यातलं सगळं पीठ फेकायचं, वरवर काढून भागत नाही.

रविवार, सकाळी

आब्सीत, म्हणजे थोडं आंबलेलं पीठ शिजवून परत त्याच पिठात मिसळणं. बहुतेकांचा इंजेरा इथे बिघडतो आणि दोष मात्र विरजणाला जातो.

टेफमध्ये ग्लुटेन नाही. वायू कितीही झाला तरी तो धरून ठेवणारं काही पिठात नसेल तर तो निघून जातो आणि तव्यावर सपाट, भेगाळलेली चकती उरते. तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो ती ज्यासाठी, त्याचसाठी हे आब्सीत: शिजलेला स्टार्च चिकट होतो आणि पिठाला विरी येते. आंबलेल्या पिठातलं साधारण दहावा हिस्सा, म्हणजे इथे एक लहान वाटी, काढून घ्यायचं. तीन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. चार-पाच मिनिटांत रंग गडद होतो, पृष्ठभागावर चकाकी येते, चमच्याच्या पाठीवर थर राहतो. चकाकी आली नसेल तर शिजलेलं नाही. कोमट होऊ द्यायचं, 45 अंशांच्या आसपास, बोट सहज ठेवता येईल इतकं. घाईत गरम ओतलं तर यीस्ट मरतं आणि तीन दिवसांची मेहनत वाया.

मग उरलेल्या पिठात मिसळून झाकून ठेवायचं. मीठ हवं असेल तर आता, पाव चमचा. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही पीठ पुन्हा वर येतं. वर आलेलं असतानाच तवा तापवायचा. पुन्हा बसेपर्यंत थांबलं तर जाळी विरळ पडते. पीठ डावातून सलग धारेने पडायला हवं. धार तुटली तर थोडं कोमट पाणी.

तिकडचा मिताद हा मातीचा तवा सुमारे 60 सेंटिमीटर व्यासाचा असतो, हल्ली शहरांत विजेवरचाही. तेल लावत नाहीत, मोहरीवर्गातल्या गोमेन झेर नावाच्या बियांची पूड कापडाने तव्यावर घासतात. घरी 30 सेंटिमीटरचा नॉनस्टिक तवा आणि घट्ट बसणारं झाकण पुरतं. पाण्याचा थेंब तव्यावर नाचला की पीठ बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत ओतत यायचं. डावाने पसरायचं नाही, तवाच थोडा तिरका करून मोकळ्या जागा भरायच्या. जाडी तीन-चार मिलिमीटर.

झाकण लगेच ठेवायचं नाही. आधी ओल्या पिठावर एकेक छिद्र उघडताना दिसतं, कडेकडून मध्याकडे. जाळी सगळीकडे पडली की झाकायचं. दीड-दोन मिनिटांत कडा आपोआप सुटतात. उलटायचा नाही, इंजेरा एकाच बाजूने भाजतो. झाकणाच्या आत साचलेलं पाणी दर वेळी पुसायचं, नाहीतर थेंब पडतात तिथे चिकट डाग राहतात.

जाळीच पडली नाही तर तवा थंड आहे किंवा पीठ घट्ट आहे. खालून करपून वर कच्चा राहिला तर आच जास्त. कडा कुरकुरीत होऊन तडकल्या तर झाकायला उशीर झाला. सर्वत्र बारीक भेगा असतील तर आब्सीत कमी पडलं, तेव्हा पिठात पाणी वाढवून काही होत नाही. खाण्याचा सोडा घालून जाळी आणता येते खरी, पण तो आंबटपणाच मारतो. मग तीन दिवस थांबलात कशाला?

रविवार, दुपारी

उतरवलेला इंजेरा कापडावर मोकळा ठेवायचा. पूर्ण गार झाल्याशिवाय एकावर एक रचले तर वाफेने चिकटतात आणि सोडवताना फाटतात. गार झाले की कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजबाहेर, कारण फ्रिजमध्ये ते लवकर कडक होतात. मात्र उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास घेऊन बघावा. वाळलेल्याचे तुकडे करून कांदा, बर्बेरे मसाला आणि थोड्या पाण्यात परतले की फिरफिर होतं. ते नाश्त्याला खातात, आणि त्यासाठी ताज्यापेक्षा वाळलेलाच इंजेरा बरा, तो रस पितो पण लगदा होत नाही.