शेवटचा स्टॉप

महिनाअखेर, त्यात पोरं सकाळपासून "कुठेतरी जाऊया" म्हणून मागे लागलेली. लेकीने सहज विचारलं, "आई, आपली बस संपते कुठे?" इतकी वर्षं त्याच बसने जातोय, पण कायम मध्येच उतरतो. मग काय, डबा भरला, सासूबाईंनाही घेतलं आणि थेट शेवटच्या स्टॉपची तिकिटं काढली.

वाटेत एका संग्रहालयाशी उतरलो, तर दाराला कुलूप! सुट्टीचा वार आधी बघायला हवा होता. चूक माझीच. (नवरा काही बोलला नाही, पण त्याचं ते न बोलणं मला कळतं.)

शेवटच्या स्टॉपमागे चक्क तलाव निघाला. मधल्या वाळक्या खोडावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला.

"आळस देतोय का तो?" लेक.

"अगं, कपडे वाळत घातलेत त्याने," सासूबाई.

आणि ते खरंच आहे! बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, याची पिसं मात्र बरीच भिजतात. त्यामुळे बुडी मारून मासा धरणं सोपं जातं, पण नंतर असं वाळत बसावं लागतं. एरवी दोन मिनिटं स्वस्थ न बसणारी पोरं अर्धा तास त्याच्याकडे बघत होती. मध्येच त्याने मान वळवून पाठ खाजवली, त्यालाही टाळ्या.

येताना लेक मांडीवर झोपली. माझा पाय पार बधिर. आमचा स्टॉप आला, पण तिला उठवायचा जीव होईना, म्हणून एक स्टॉप पुढे उतरलो.