रीडिंग ॲडजस्ट करू नका रे!

अकरावी-बारावीच्या पोरांना पावसात आंबोलीला फील्डवर्कला नेतो म्हटलं की पालकांचे दोनच प्रश्न असतात, जळवा चावतात का आणि सर्टिफिकेट मिळतं का. दोन्हीचं उत्तर हो.

जळवांचं पोरं लगेच मनावर घेणं सोडतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं जंगल आहे, ओलं राहायची सवय करावीच लागते, पेन चालत नाही म्हणून सगळं पेन्सिलने. खरी अडचण असते प्रॅक्टिकलच्या जर्नलची सवय. कॉलेजात उत्तर आधीच माहीत असतं, गुरुत्वाकर्षणाच्या 'जी'ची किंमत ९.८ यायलाच पाहिजे, मग रीडिंग मागून भरायची. आपण सगळ्यांनीच केलंय ते.

प्रोजेक्टचे विषय पण असेच, आठवड्याभरात 'क्लायमेट चेंजचा बेडकांवर परिणाम'. कापत कापत आम्ही एवढ्यावर आणलं की मलबार ग्लायडिंग फ्रॉगची फेसाची घरटी पाण्यापासून किती उंचीवर असतात. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मागच्या पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, पानं त्याला चिकटलेली असतात आणि नंतर टॅडपोल टपाटप खाली पाण्यात पडतात. म्हणजे खाली पाणी हवंच ना? तर एका मुलीला रस्त्याकडेला एक घरटं दिसलं ज्याच्या खाली फक्त चिखल, आणि तिने ते शीटवर घेतलंच नाही, का तर 'सर ते चुकीच्या जागी आहे'. अगं, बेडकाचं चुकलं असेल तर चुकू दे, तू लिही! कदाचित घरटं केलं तेव्हा तिथे डबकं असेल, कदाचित नसेल, पण तू गाळलंस तर हा प्रश्न कुणाला पडणारच नाही.

शून्य लिहिणं त्याहून अवघड. आंबोली टोड (झँथोफ्राइन टायगेरिना, २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, क्रिटिकली एन्डेंजर्ड) सगळ्यांना बघायचाच असतो, पण तो जमतो पावसाच्या सुरुवातीला, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यांजवळ, आणि आम्ही पोचतो उशिरा. कॉलम रिकामा ठेवतात किंवा विचारतात, हॉटेलवाल्या काकांनी काल बघितला म्हणे, एक लिहू का? नाही. आणि रिकामा पण नाही ठेवायचा. रिकामा म्हणजे गेलोच नाही, शून्य म्हणजे टॉर्च मारत पूर्ण पट्टा शोधला आणि नाही दिसला. (हाताला मच्छरांचं क्रीम लावून बेडूक उचलायचा नाही हेही रोज सांगावं लागतं, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.)

शेवटच्या रात्री पाऊस एवढा वाढला की एका ग्रुपचा ट्रान्सेक्ट, म्हणजे चालत मोजायचा ठरलेला पट्टा, अर्ध्यातच सोडावा लागला. मग जेवताना भांडण, ती रात्र मोजायची का नाही, मोजायची तर अंतर अर्धं धरायचं का, आणि पावसाच्या आवाजात बेडूक ऐकू आले नसतील त्याचं काय. मी मध्ये पडलो नाही, अजून एक प्लेट भजी सांगितली.