वेळास: दोरीच्या अलीकडे

कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला निघालो. हरिहरेश्वरकडून आलो, म्हणून बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळास गाठलं. मंडणगडवरून येणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. त्या वाटेने येणार असाल तर उजेडी पोहोचा.

मुक्काम गावातल्याच घरात. जेवण घरचं, पाटावर नाहीतर ओटीवर, आणि त्याचे पैसे थेट त्या घरात जातात. कासवाची अंडी खोदून विकणाऱ्या किनाऱ्यावर संवर्धन टिकलं ते यामुळे, असं आम्हाला ठाम वाटतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये काम सुरू केलं, पण पहाटेची गस्त गावातल्या माणसांनीच घातली.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत साधारण दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते. गस्त घालणारे गावकरी, म्हणजे कासवमित्र, पहाटे तिच्या पावलांचा माग काढतात आणि काठीने वाळू चाचपून भुसभुशीत जागा शोधतात. कोल्हे-कुत्र्यांच्या आधी पोहोचायचं असतं. अंडी काही तासांतच किनाऱ्यावरच्या सुरक्षित कुंपणात हलवावी लागतात. उशीर झाला तर आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो. अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून उचलताना वरची बाजू वरच ठेवतात. कुंपणातला नवा खड्डा तेवढाच खोल, तसाच मडक्यासारखा आणि उधाणाच्या रेषेच्या वर असावा लागतो. पाणी शिरलं तर अंडी कुजतात, खड्डा उथळ झाला तर उन्हाने तापतात.

पिल्लं साधारण 45 ते 60 दिवसांनी निघतात. तारीख जवळ आली की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात; ती सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात. खाली पिल्लं असली तर त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात, कारण वाळूवरची ती चाल त्यांची त्यांनीच चालायची असते. बघणारे दोरीच्या अलीकडे. ही दोरी ओलांडू नका: बोटाएवढं पिल्लू पायाखाली दिसत नाही. फ्लॅश आणि टॉर्च बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात.

शनिवारी येऊन रविवारी दुपारी निघणाऱ्यांना दोन-तीनच टोपल्यांच्या वेळा मिळतात आणि कधी त्या सगळ्या रिकाम्या निघतात. मग यजमानांवर रागावणारेही भेटतात, याचं फार वाईट वाटतं. मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन रात्री धरा. घर आधी फोन करून ठरवा आणि रोख पैसे जवळ ठेवा.