पद्मिनीचे सिल आणि पुराचा गाळ

काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी वडोदऱ्यात ऑगस्ट 2024 च्या पुरात सीटा भिजेपर्यंत पाण्यात उभी होती. विश्वामित्री नदीचं पाणी उतरलं, गाडी धुतली, सीटा उन्हात टाकल्या, ऑइल बदललं आणि घरात सगळ्यांना वाटलं की चला, वाचली. वरून दिसायलाही ठीकठाक. मग यंदा नीट रिस्टोअर करायला घेतली तेव्हा पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटर चाचांनी दाराखालच्या सिलवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर गेला की मुठीपर्यंत आत, आणि बाहेर आला तो टोकाला दमट गाळ घेऊनच. चाचा एवढंच म्हणाले, "साहेब, आ बधुं कापवुं पडशे." म्हणजे हे सगळं कापावं लागणार.

सिल म्हणजे आतून पोकळ, बंद डबा. त्याला खाली पाणी जायला भोकं असतात, ती गाळाने बुजली की ओल आतच राहते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो, म्हणजे रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं काम तमाम झालेलं असतं. त्यात आमच्या गाडीवर आधी कुणीतरी सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा मारून वर जाडजूड पुट्टी थापलेली, तिथे चुंबक चिकटेचना. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकणारच ना! असलं काम करण्यापेक्षा गाडी तशीच ठेवलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळे सिल कापला की गाडी मधून वाकू शकते. म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले, आणि दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत हे चाचांनी आधीच बजावलं होतं. कापायचं कुठपर्यंत? तर ग्राइंडर मारल्यावर चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत. आम्हाला वाटलं होतं वीतभर, गेलं पार मागच्या मडगार्डपर्यंत.

तयार पॅनल मिळायचे वांधे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, त्यामुळे भंगारात काहीतरी मिळेल अशी आशा होती, पण समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं राबलेल्या टॅक्सीचा सिल आणून काय करणार, तोही सडकाच. शेवटी जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा बेंड करून घेतला, आतला 18 गेज म्हणजे जास्त जाड, बाहेरचा 20.

वेल्डिंग सीओटूने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या वायर वेल्डिंगने. जुन्या पद्धतीच्या गॅसच्या ज्योतीवर पत्रा फार तापतो आणि लाटा येतात. चाचा एक टाका इकडे मारतात, पुढचा हातभर लांब, मग थांबतात, पत्र्याला हात लावून बघतात, गार वाटला तरच पुढे. मध्येच दार टांगून गॅप बघायचा. वर अगदी बारीक आणि खाली बोट जाईल एवढी फट दिसली की टाके तोडून पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, पण पाइप काढल्यावर दार पहिल्याच ढकलण्यात लागलं तेव्हा काका जाम खूश.

रंग झाला की भोकांतून नळी घालून आत गंज रोखणारं वॅक्स मारायचंय, कारण आतल्या बाजूला नंतर ब्रश पोचतच नाही.

डावा सिल अजून उघडलेला नाही. चुंबक तिकडेही मधोमध चिकटत नाहीये, त्यामुळे काय निघणार याचा अंदाज आलाय, आणि काका मात्र रोज विचारतात, रंग कोणता ठरला?